उताराकडे तोंड

"गाडी रोज उताराकडे तोंड करून का लावता?" मिस्त्रींनी विचारलं. प्रश्न आमच्या ड्रायव्हरला, काकांना होता, उत्तर द्यायला मात्र दादा पुढे झाला. "बॅटरीचा भरवसा नाही ना. ढकलायला बरं पडतं." मिस्त्री काकांकडेच बघत राहिले. काकांनी चहाचा ग्लास बंपरवर ठेवला, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ढकलायला नाही. तोंड खाली असलं की अर्ध्या सेल्फला चालू होती. वर असलं की रडवती." मिस्त्रींच्या हातातला पाना तिथेच थांबला. "हे आधीच्या गॅरेजात सांगितलं होतं?" काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बोललो होतो. शेठलापण बोललो होतो."

शेठ म्हणजे दादाच. तो काहीच बोलला नाही. मी महाप्याच्या ऑफिसातून सुटून त्याच्याबरोबर घरी जायचं म्हणून नवी मुंबईत रबाळ्याच्या त्या गॅरेजात थांबले होते. समोरच्या कारखान्याची पाळी सुटत होती, रस्त्यावर स्कूटरींची झुंबड उडाली होती आणि एमआयडीसीचा तो आंबूस, गंजका वास हवेत होता. आमच्या पिकअपचं बॉनेट उघडं होतं. गाडीचं दुखणं त्याच संध्याकाळी सापडलं, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता, तसा तो झालाही. पण काकांचं "बोललो होतो" काही डोक्यातून जाईना. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते.

आमची गाडी म्हणजे भाजीची गाडी. रात्री दीड-दोनच्या सुमाराला दिघ्यातून निघायचं, ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, घणसोली मागे टाकत तुर्भ्याच्या मार्केटात शिरायचं, जुन्नर-नाशिककडचा माल उतरला की त्यातला आपल्या गिऱ्हाइकांचा भरायचा आणि उजाडायच्या आत कळवा पुलावरून ठाण्याच्या जांभळी नाक्याला पोचायचं. मेथी-कोथिंबीर कुणाची वाट बघत नाही. गाडी अर्धा तास उशिरा पोचली तर भाव पडतो, तासभर उशिरा पोचली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडून माल घेऊन मोकळं होतं. अशा धंद्यात गाडी चालू व्हायला त्रास देते याचा अर्थ, घरातली सगळी माणसं पहाटेआधीच्या अंधारात एका आवाजाकडे कान लावून पडलेली असतात. इंजिन फिरवणाऱ्या सेल्फचा आवाज. आधी जोरात, मग दमत चाललेला, मग पुन्हा थोडा थांबून. आई अंथरुणात उठून बसायची. गल्लीतल्या खिडक्यांमधले दिवे लागायचे. एकदाचा इंजिनाने सूर धरला की आई "बाई गं" म्हणून पुन्हा आडवी व्हायची, आणि मला मात्र नंतर झोप लागायची नाही.

गंमत अशी की एकदा चालू झाली की दिवसभर तिची काही कुरबुर नसायची. मार्केटात बंद करून तासाभराने चालू केली तरी हूं की चूं नाही. चढाला ओढ तीच, ॲव्हरेज तोच. त्यामुळे दिवसा गॅरेजात नेली की ती धडधाकट असायची आणि गॅरेजवाला दादाकडे जरा विचित्र नजरेने बघायचा.

आधीच्या गॅरेजवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. त्यांनी जे केलं ते सगळेच करतात. पहिल्यांदा बॅटरी बदलली. मग सेल्फ उघडून कार्बन बदलले. मग हिटर प्लग बदलले. हे मला तेव्हाही खटकलं होतं, कारण हिटर प्लगचं काम थंडीत. सिलिंडरमधली हवा आणि धातू गारठलेले असताना त्यांना आधीच ऊब द्यायची, म्हणजे डिझेल पेट घेईल. हिमाचलात, लडाखात ते बिघडले तर गाडी जागची हलायची नाही. पण दिघ्यात एप्रिलच्या रात्री, अंगाला शर्ट चिकटलेला असताना, इंजिनाला कसली थंडी वाजणार? त्यानंतर डिझेल फिल्टर बदलला. तेव्हा दोन-तीन दिवस गाडी नीट चालू झाली आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुन्हा रडायला लागली तेव्हा डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझल काढून टेस्टिंगला पाठवायची भाषा सुरू झाली. मधे कुणीतरी लॅपटॉप जोडून स्कॅन केलं, तर एकही एरर नाही. दादाचं बोलणं तुटक होत गेलं. गाडी विकून टाकावी, असं एका रात्री जेवताना तो म्हणाला, आणि काकांना ते आईकडून कळलं.

रबाळ्याच्या मिस्त्रींकडे तो गेला तो मार्केटातल्या एका गाळेवाल्याच्या सांगण्यावरून. मिस्त्री वयाने पन्नाशीच्या पुढचे, सातारकडचे, बोलणं कमी. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि दादाला पहिल्या प्रश्नालाच राग आला, कारण तो लॅपटॉपची वाट बघत होता. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का? आला तर कोणत्या रंगाचा? रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास देते की दुपारी चार तास उभी राहिली तरी? टाकी भरलेली असताना काही फरक पडतो? चालू झाल्यावर लगेच थरथरते की सरळ चालते? दादा "धूर म्हणजे..." करून थांबला. काका मागे उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. धूर अजिबात नाही, चालू व्हायच्या क्षणाला थोडा पांढरा, मग साफ. चार तासांनी किंचित त्रास, रात्रभर उभी राहिली की जास्त. टाकी फुल असली की बरी असते. चालू झाल्यावर पहिलं मिनिटभर अडखळते. त्यानंतर मिस्त्रींनी उताराचं विचारलं, कारण आदल्या दिवशी गाडी बघायला ते दिघ्याला येऊन गेले होते आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची तोंडं डोंगराकडे असताना आमच्या एकटीचंच खाली रस्त्याकडे आहे, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आपण शाळेत शिकतो आणि सोडून देतो. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो. डिझेलमध्ये नुसती हवा दाबायची, मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी, की ती आपोआप ५०० अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की भडका. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, त्याच गोष्टीचं हे मोठं रूप. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला हे इंजिन नीट चालवून दाखवलं आणि आजही, इतक्या पिढ्यांनंतर, त्याला चालू व्हायला मुळात दोनच गोष्टी लागतात: पुरेसा दाब आणि वेळेवर आलेलं डिझेल. बाकी सगळं या दोहोंच्या सेवेला. म्हणून धूर महत्त्वाचा. सेल्फ फिरतोय आणि पांढरा धूर निघतोय, तर डिझेल आत येतंय, पेटत नाही. सेल्फ फिरतोय आणि धूरच नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. काकांच्या एका उत्तराने अर्धं इंजिन निर्दोष सुटलं होतं. चढाला ओढ कमी झालेली नाही, म्हणजे कॉम्प्रेशन, हवा दाबायची ताकद, ठीक. दिवसभर गरम असताना गाडी बिनतक्रार चालू होते. नोझल गळकी असती किंवा पंप झिजला असता, तर उलट गरम असताना जास्त त्रास झाला असता, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि फटीतून जास्त निसटतं. बॅटरीला मीटर लावून काकांना सेल्फ मारायला सांगितलं, तर काटा १० व्होल्टच्या खाली उतरला नाही. मिस्त्री हे सगळं दादाला समजावून नव्हते सांगत. हाताखालच्या पोराला सांगत होते, आम्ही ऐकत होतो.

आणि उतार. गाडीची टाकी हौद्याखाली, मागच्या बाजूला. फिल्टर पुढे, बॉनेटमध्ये, टाकीपेक्षा वर. डिझेल टाकीतून पुढे ओढून आणायचं काम इंजिनावरच्या पंपाचं, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या पाइपात ओढ असते, दाब नसतो. या पाइपाला कुठे केसाएवढी भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही. बाहेरची हवा आत जाते. गाडी चालू असताना पंप एवढ्या जोरात ओढतो की ती थोडी हवा खपून जाते. रात्रभर बंद राहिली की मात्र तीच हवा पाइपात वर चढते आणि डिझेल आपल्या वजनाने हळूहळू मागे टाकीत उतरून जातं. रात्री दोन वाजता काका चावी फिरवतात तेव्हा पंपाच्या तोंडाशी डिझेल नसतं, हवा असते. हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, ठरावीक दाब, साधारण २०० बारच्या आसपास, तयार झाल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. पंप हवा गिळत बसतो, दाब येत नाही, सेल्फ फिरत राहतो. तोंड उताराकडे असलं की टाकी उचलली जाते, फिल्टर खाली जातो, दोघांची पातळी जवळपास एक होते, मग डिझेल मागे जाणार कुठे? टाकी फुल असली तरी तोच फायदा. आपल्या गाडीचं निदान काका महिनोन्महिने करत आले होते. प्रत्येक रात्री ती गल्लीत उलटी करून लावणं, त्या अरुंद जागेत तीन-चार वेळा पुढे-मागे घेऊन, हेच ते निदान होतं.

आम्ही ते रोज खिडकीतून बघत होतो.

मिस्त्रींनी मग भेग शोधली ती सावकाश. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी टाकीपासून पाइपावर बोट फिरवत आणलं. हौद्याखाली चिखल, कोबीची वाळलेली पानं, मिठासारखा पांढरट थर. मार्केटातल्या ओल्या रस्त्यांनी गाडीचं पोट असंच होतं. फिल्टरच्या अलीकडे रबरी पाइप वळतो तिथे क्लॅम्पच्या शेजारी धूळ जरा जास्त चिकटली होती, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, आणि तिचा रंग काळपट ओला होता. मिस्त्रींनी अंगठ्याने ती पुसली, नाकाशी नेली आणि अंगठा पोराच्या नाकापुढे धरला. "काय?" "डिझेल." "किती?" पोरगा गोंधळला. मिस्त्री म्हणाले, "धुळीला चिकटण्यापुरतं. टाकी फुल आणि तोंड खाली असताना पाझरलेलं." तरीही त्यांनी लगेच पाइप बदलला नाही. आधी फिल्टर आणि पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी जोडली, हँड पंप मारून पाइपातली एअर काढली आणि काकांना गाडी चालू करायला सांगितलं. मी वाकून बघत होते. पिवळसर डिझेल नळीतून सरसर चाललं होतं, आणि त्यात बारीक बुडबुडे, मोहरीच्या दाण्याहून लहान, एकामागोमाग एक. मधेच चार-पाच एकत्र येऊन एक लांबट बुडबुडा व्हायचा आणि वळणावर क्षणभर अडकून पुढे सुटायचा. मिस्त्रींनी तो रबरी पाइप दोन बोटांत वळणावर दाबून धरला. बुडबुडे थांबले. सोडला, सुरू झाले. पुन्हा दाबला, थांबले. दादा नळीकडे बघत होता आणि काका दादाकडे.

कापून काढलेला पाइप मी हातात घेऊन पाहिला. वाकवल्याशिवाय भेग दिसतच नव्हती. वाकवला की क्लॅम्पच्या कडेने रबर ओठासारखं उघडायचं.

एअर काढणं म्हटलं की मला बाबा आठवतात. भायखळ्याचा भाजी बाजार १९९६ साली तुर्भ्याला आला, त्याच्यामागोमाग ते या बाजूला आले, आणि त्यांची पहिली गाडी जुन्या पद्धतीच्या पंपाची होती. डिझेल संपून गाडी बंद पडली की एअर घ्यायची. मग बाबा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचे आणि हँड पंप मारत राहायचे, आधी फेस यायचा, मग फेसाबरोबर डिझेल, मग नुसतं डिझेल. तरीही नाही झालं तर नोझलचे नट ढिले करून कुणाला तरी सेल्फ मारायला लावायचे. तेव्हा क्लीनर होते ते हेच काका. मिस्त्रींच्या पोरानेही त्या संध्याकाळी रेलच्या पाइपाला पाना लावायला हात नेला होता आणि मिस्त्री त्याच्यावर असे ओरडले की शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मान वर केली. या पाइपात चालू गाडीत दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडीत सुईसारखी घुसते, बोट कापावं लागतं, असं त्यांनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. चालू होत नाही म्हणून हवेच्या नळीत पटकन पेटणारा स्प्रे मारणाऱ्यांचाही त्यांना राग. हिटर प्लग तापलेले असताना तसला वायू आत गेला तर पिस्टन फुटू शकतो. बाबांच्या काळचं हाताचं ज्ञान आजच्या गाडीला जसंच्या तसं चालत नाही, हे मिस्त्रींना नेमकं ठाऊक होतं, आणि हवा ती हवाच, हेही.

बाबा गेल्यावर गाडी दादाकडे आली. दादाने नवी पिकअप घेतली, हप्ते, विमा, परमिट, फास्टॅग, सगळं मोबाइलवर आणलं. तो कष्टाळू आहे आणि काकांना जपतो, दिवाळीला त्यांच्या घरी आधी फराळ जातो मग आपल्या. ज्यांच्या कडेवर तो वाढला ते काका त्याला आता शेठ म्हणतात, हे त्याने मागून घेतलेलं नाही. मार्केटात सगळे म्हणतात म्हणून तेही म्हणायला लागले. पण शेठ झालं की मधे काहीतरी येतं. काकांचं "तोंड खाली केलं की बरी चालू होती" हे त्याला ड्रायव्हरचं आपलं एक म्हणणं वाटलं. लॅपटॉप लावणाऱ्या माणसाचं "एरर नाही" हे मात्र त्याने घरी येऊन दोनदा सांगितलं होतं. मला याचा राग येतो, आणि दादाची बाजूही कळते. गाडी उभी राहिली की रोजचा हिशेब तुटतो, बँकेचा हप्ता तुटत नाही. अशा वेळी जो माणूस बिल फाडतो त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण बिल म्हणजे काहीतरी केल्याचा पुरावा.

बदलणं आणि शोधणं यांत खरा फरक वेळेचा आहे, असं मला वाटायला लागलंय. भाग बदलायला अर्धा तास लागतो आणि त्याचे पैसे घेता येतात. शोधायला आधी दहा प्रश्न विचारावे लागतात, मग गप्प बसून ऐकावं लागतं, मग गाडी रात्रभर तशीच ठेवून सकाळी गार इंजिन बघावं लागतं, आणि या कशाचीच बिलात ओळ नसते. मिस्त्रींनी बिल दिलं त्यात डिझेल पाइप, दोन क्लॅम्प आणि मजुरी एवढंच होतं. सगळं मिळून जेमतेम एका हिटर प्लगच्या किमतीएवढं भरलं असतं. दादाने न बोलता त्याच्या दुप्पट पैसे पुढे केले. मिस्त्रींनी वरचे परत दिले. दादाने पुन्हा पुढे केले आणि म्हणाला, "हे बघण्याचे." मिस्त्रींनी जरा विचार केला आणि ठेवून घेतले. बरं वाटलं मला ते. फुकटात केलेल्या निदानाचं आपल्याकडे फार कौतुक होतं, आणि म्हणूनच ते करणारे कमी होत जातात.

काकांना मात्र त्या संध्याकाळी कुणी काही म्हणालं नाही. परतताना ते चालवत होते, मी मधे, दादा खिडकीशी. ऐरोलीच्या सिग्नलला दादाने विचारलं, "काका, अजून काय काय बघून ठेवलंय?" त्याने ते सहज विचारल्यासारखं विचारलं, आवाज नेहमीपेक्षा जरा बसका होता. काकांनी आधी आरशात बघितलं. मग सांगायला सुरुवात केली आणि दिघा येईपर्यंत ते थांबले नाहीत. तुर्भ्याच्या स्पीडब्रेकरवर मागचा डावा पाटा वाजतो, भरलेली असताना नाही, रिकामी असताना. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढायला हवं, गेल्या पावसात कुणी काढलंच नाही, टाकी रात्री अर्धी ठेवली की ओलाव्याचं पाणी धरतं. दादाने मधे एकदा "थांबा, लिहून घेतो" म्हणून मोबाइल काढला.

आमची दुसरी गाडी जुनी आहे, फक्त ठाण्यातल्या ठाण्यात फिरते. तिच्याबद्दल परवा काकांनी आपण होऊन सांगितलं. सकाळी चालू होते लगेच, पण दोन मिनिटं पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा, तीन सिलिंडरवर चालल्यासारखी थरथर, आणि तापमानाचा काटा जरा वर आला की सगळं साफ. म्हणजे इथे डिझेल पोचतंय, एका ठिकाणी पेटत नाहीये. दादाने हे जसंच्या तसं मिस्त्रींना फोनवर सांगितलं. मिस्त्री म्हणाले, शनिवारी रात्रीच आणून लावा, रविवारी सकाळी गार असताना मीच चावी फिरवतो, आणि काकांना घेऊन या.